जनरल हाऊ खरंच चुकला का?



आजचा लेख एका उत्तरपत्रिकेवरून सुचला आहे. आमच्या शाळेत इतिहास मंडळ आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आठवी ते दहावीची वीस-पंचवीस मुलं थांबतात आणि आम्ही पाठ्यपुस्तकाबाहेरचा एखादा विषय घेतो. मागच्या वर्षी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध घेतलं होतं. चार शनिवार शिकवून झाल्यावर मी दहा गुणांचा एक प्रश्न दिला : 'जनरल विल्यम हाऊ यांच्या लष्करी नेतृत्वाचे मूल्यमापन करा.'

नाव ऐकूनच मुलं आधी हसली होती. "मॅडम, हाऊ म्हणजे कसा?" मीही हसून म्हटलं, "कसा होता तेच तर तुम्हाला लिहायचंय."

माझ्या नोट्समध्ये उत्तर तयार होतं. 'हाऊचा सुस्तपणा आणि निर्णयशक्तीचा अभाव यामुळे वॉशिंग्टन निसटला व ब्रिटिशांनी हातची वसाहत गमावली.' बहुतेक मुलांनी हेच वाक्य शब्दाला शब्द उतरवलं. मी भराभर आठ-आठ, नऊ-नऊ गुण देत गेले. नववीतल्या एका मुलीने मात्र वेगळं लिहिलं होतं : 'हाऊ थांबला कारण त्याला आपली माणसं वाया घालवायची नव्हती. सकाळी धुकं पडणार हे त्याला आधी कुठून कळणार? म्हणून त्याला दोष देता येत नाही.'

मी तिला तीन गुण दिले. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात आली. "मॅडम, माझं चुकलं कुठं?"

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. "नोट्समध्ये दिलंय ना गं," एवढंच म्हणाले. ती मान हलवून गेली. पण तिचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. का जाईना, तेही पुढे सांगणार आहे. आधी हाऊची गोष्ट नीट बघूया, म्हणजे तुम्हालाही निकाल देता येईल.

हा हाऊ कोण होता?

विल्यम हाऊचा जन्म १७२९ सालचा. तो काही नवशिका सेनापती नव्हता. १७५९ मध्ये इंग्रजांनी कॅनडातलं क्वेबेक शहर फ्रेंचांकडून घेतलं, तेव्हा रात्रीच्या अंधारात नदीकाठचा कडा चढून जाणाऱ्या तुकडीचं नेतृत्व त्याच्याकडे होतं. त्याचा थोरला भाऊ जॉर्ज १७५८ मध्ये अमेरिकेतच फ्रेंचांशी लढताना मारला गेला होता. मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या लोकांना तो इतका आवडायचा, की लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याचं स्मारक उभारायला त्यांनी स्वतः पैसे दिले. दुसरा भाऊ रिचर्ड हा आरमाराचा ॲडमिरल.

म्हणजे हाऊ घराण्याचं अमेरिकेशी नातं होतं. विल्यम नॉटिंगहॅमचा खासदारही होता. १७७४ च्या निवडणुकीत त्याने मतदारांना सांगितलं होतं, की अमेरिकनांविरुद्ध लढायला मी जाणार नाही. पण वर्षभरातच सरकारने बोलावलं आणि तो गेला. मनात एक आणि हातात दुसरंच, अशी त्याची अवस्था पहिल्या दिवसापासून होती हे लक्षात ठेवा.

बंकर हिलची लढाई

१७ जून १७७५. बॉस्टन शहरासमोरच्या टेकडीवर अमेरिकन शेतकरी आणि कारागिरांनी एका रात्रीत मातीची तटबंदी उभी केली होती. ती घ्यायचं काम हाऊकडे आलं. लाल डगले घातलेल्या शिपायांच्या रांगा उघड्या उतारावरून वर निघाल्या. अमेरिकनांनी त्यांना जवळ येऊ दिलं आणि मग गोळीबार केला. पहिला हल्ला परतला. दुसराही परतला. तिसऱ्या वेळी अमेरिकनांची दारू संपली म्हणून टेकडी हाती आली.

टेकडी मिळाली खरी, पण कोणत्या किमतीला? ब्रिटिशांचे २२६ जण ठार आणि ८०० हून जास्त जखमी. अमेरिकनांचं नुकसान याच्या निम्म्याहूनही कमी. हाऊ स्वतः त्या उतारावर पुढे होता. आजूबाजूची माणसं पडताना त्याने डोळ्यांनी पाहिली. यानंतर तटबंदीवर समोरून हल्ला करायचा म्हटलं की तो कचरायचा, असं अनेक इतिहासकार मानतात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, तसंच हे.

ऑक्टोबर १७७५ मध्ये तो बॉस्टनमधल्या फौजेचा सरसेनापती झाला. मार्च १७७६ मध्ये अमेरिकनांनी शहराबाहेरच्या टेकड्यांवर तोफा चढवल्या आणि त्याला बॉस्टन सोडावं लागलं.

ब्रुकलिनची रात्र

आता आपण मुख्य प्रसंगाकडे येऊ. १७७६ च्या उन्हाळ्यात हाऊ न्यूयॉर्कजवळ उतरला. हाताशी सुमारे ३२,००० सैन्य आणि भावाचं आरमार. वॉशिंग्टनकडे बरेचसे नवशिके शिपाई.

२७ ऑगस्टला लाँग आयलंडवर लढाई झाली. अमेरिकनांनी टेकड्यांमधल्या खिंडी अडवल्या होत्या, पण जमेका नावाच्या एका लांबच्या खिंडीवर फक्त पाच घोडेस्वार ठेवले होते. हाऊचा सहकारी हेन्री क्लिंटन याने ती वाट सुचवली. रात्रीतून सुमारे दहा हजार सैन्य तिकडून वळसा घालून अमेरिकनांच्या पाठीमागे पोहोचलं. अमेरिकनांची दाणादाण उडाली. सुमारे हजार जण कैद झाले. उरलेले पळत ब्रुकलिनच्या तटबंदीत शिरले.

डोळ्यांसमोर चित्र आणा. वॉशिंग्टनच्या पुढे हाऊचं सैन्य, पाठीमागे ईस्ट रिव्हरचं रुंद पाणी. ब्रिटिश शिपाई जोशात, 'आत्ताच घुसू द्या' म्हणून अधीर झालेले. आणि हाऊने काय केलं? थांबा म्हणाला! किल्ल्याला वेढा घालतात तसे खंदक खणत, हळूहळू पुढे सरकायचं त्याने ठरवलं.

दोन दिवस पाऊस आणि वारा होता. वारा उलटा असल्यामुळे ॲडमिरल हाऊची जहाजं नदीत वर येऊ शकत नव्हती. २९ ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनने मिळतील त्या होड्या गोळा केल्या. मार्बलहेड गावचे कोळी त्याच्या सैन्यात होते, त्यांनी वल्ही हातात घेतली आणि रात्रभर खेपा घातल्या. पहाट झाली तरी बरीच माणसं अलीकडच्या काठावर होती. तेवढ्यात दाट धुकं उतरलं. धुक्याच्या आडून उरलेलेही पार झाले. सुमारे ९,००० माणसं निसटली. सकाळी ब्रिटिश पुढे गेले तर तटबंदी रिकामी.

इथेच स्वातंत्र्ययुद्ध संपलं असतं, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. नोट्समध्ये मीही तेच लिहिलं होतं.

तो थांबला का?

हाऊने पुढे स्वतः कारण दिलं. तटबंदी हल्ल्याने कदाचित हाती आली असती, पण त्यात हजार-दीड हजार माणसं गेली असती. दोन-चार दिवसांत स्वस्तात मिळणाऱ्या गोष्टीसाठी ती का घालवायची? त्याच्या जागी उभं राहून बघा. एक शिपाई मेला तर त्याच्या जागी दुसरा यायला साडेपाच हजार किलोमीटरचा समुद्र ओलांडावा लागे. अमेरिकनांना शेजारच्या गावातून माणूस मिळायचा, हाऊला मिळत नव्हता.

दुसरं कारणही होतं. दोघा हाऊ भावांना सरकारने नुसते सेनापती म्हणून पाठवलं नव्हतं, ते शांतता आयुक्तही होते. बंडखोरांना हरवायचं आणि त्यांच्याशी समेटही करायचा! लाँग आयलंडच्या लढाईनंतर दोनच आठवड्यांनी, ११ सप्टेंबरला, ॲडमिरल हाऊने स्टेटन आयलंडवर बेंजामिन फ्रँकलिन, जॉन ॲडम्स आणि एडवर्ड रटलेज यांच्याशी बोलणी केली. पण स्वातंत्र्य मान्य करायचा अधिकार त्याला नव्हता आणि स्वातंत्र्य सोडून बोलायला ते तिघे तयार नव्हते. बोलणी तिथेच संपली.

आता सांगा, धुकं पडणार आणि रात्रीत नऊ हजार माणसं नदी पार करणार, हे २७ ऑगस्टच्या दुपारी हाऊला कसं कळणार होतं? आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून तो आपल्याला मूर्ख वाटतो. माझी विद्यार्थिनी नेमकं हेच म्हणत होती.

आमच्या शाळेतली एक दुपार

आता तिचा प्रश्न मला का लागला ते सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शाळेचा चार्ज होता. जुलै महिना, सकाळपासून पावसाची रिपरिप. ओढ्यापलीकडच्या वाडीची तेवीस मुलं आमच्या शाळेत यायची. मधे एक फरशी पूल. आधीच्या आठवड्यात मी पाऊस बघून शाळा लवकर सोडली होती आणि पावसाने उघडीप दिली होती, तेव्हा "मॅडमना उगाच घाई" असं ऐकून घेतलं होतं. म्हणून त्या दिवशी ठरवलं, अर्धा तास थांबू. त्या अर्ध्या तासात आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला आणि फरशीवरून पाणी वाहू लागलं. तेवीस मुलं रात्रभर शाळेत अडकली. पोषण आहाराच्या तांदळाची खिचडी शिजवली. मुलांना मजा वाटली, पण एका मुलाला रात्री ताप भरला. दवाखाना ओढ्यापलीकडे. त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत मी पहाट केली. सकाळी ताप उतरला, पाणीही उतरलं.

दुसऱ्या दिवशी पालक म्हणाले, "एवढा पाऊस येणार हे मॅडमना कळलं नाही का?" ते कुणालाच कळलं नव्हतं, त्यामुळे त्या बोलण्याचं मला फार वाईट वाटलं नाही. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटत राहिलं. त्या दुपारी दोन वाजता पोलीस पाटलांचा फोन आला होता : वरचा पाझर तलाव भरलाय, सांडवा वाहायला लागलाय, ओढ्याकडे लक्ष ठेवा. मी "बरं" म्हणाले आणि हजेरीपत्रकात डोकं घातलं. हा फोन आल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. सगळे पावसाला दोष देत होते, तेव्हा मीही देत राहिले.

म्हणजे त्या दिवशी माझ्या दोन गोष्टी घडल्या. एक मला कळूच शकत नव्हती. दुसरी मला कळवलेली होती आणि मी ती बाजूला ठेवली. लोकांनी मला पहिलीसाठी बोल लावले आणि दुसरीतून मी सुटले. हाऊच्या बाबतीतही असंच काहीसं झालं आहे, असं मला आता वाटतं.

१७७७ : फिलाडेल्फियाचा निर्णय

ब्रुकलिनचं धुकं क्षणभर बाजूला ठेवा आणि पुढचं वर्ष बघा. जॉन बर्गॉइन नावाचा सेनापती कॅनडातून सैन्य घेऊन दक्षिणेकडे निघणार होता. हडसन नदीच्या खोऱ्यातून ऑल्बनी शहरापर्यंत यायचं आणि बंडखोर वसाहतींचे दोन तुकडे पाडायचे, हा बेत. न्यूयॉर्क हडसनच्या मुखाशी आहे, म्हणजे हाऊ वर सरकला असता तर बर्गॉइनला आधार मिळाला असता.

हाऊला हा बेत माहीत होता. तरी त्याने फिलाडेल्फिया, म्हणजे बंडखोरांची राजधानी, घ्यायचं ठरवलं. क्लिंटनने परोपरीने सांगून पाहिलं की हडसनकडे चला. ऐकलं नाही. बरं, फिलाडेल्फिया न्यूयॉर्कपासून जमिनीवरून दीडशे किलोमीटर. हाऊ समुद्रमार्गे निघाला. २३ जुलैला जहाजं सुटली ती २५ ऑगस्टला चेसापीक उपसागराच्या टोकाशी लागली. ऐन मोसमातला महिना पाण्यात गेला, कितीतरी घोडे वाटेतच मेले.

लढाई मात्र त्याने जिंकली. ११ सप्टेंबरला ब्रँडीवाइनच्या काठी वॉशिंग्टनला हरवलं, २६ सप्टेंबरला फिलाडेल्फिया हाती आलं. पण तिकडे बर्गॉइन जंगलात एकटा पडला आणि १७ ऑक्टोबरला साराटोगाला संपूर्ण सैन्यासह शरण गेला. ही बातमी पॅरिसला पोहोचली आणि ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सने अमेरिकनांशी तह केला. वसाहतीतलं बंड आता दोन महासत्तांचं युद्ध झालं.

इथेही हाऊच्या बाजूने बोलायला जागा आहे. लंडनमधला मंत्री लॉर्ड जर्मेन याने दोन्ही बेतांना मंजुरी दिली होती आणि दोन्ही सेनापतींना एकत्र बांधणारा स्पष्ट हुकूम दिला नव्हता. मला फारशी मदत करता येणार नाही, असं हाऊने कॅनडाला आधीच कळवलं होतं. राजधानीसाठी वॉशिंग्टन मैदानात उतरेल आणि एकदाचा चिरडता येईल, हा त्याचा हिशेबही अगदीच खुळा नव्हता. तरीसुद्धा, बर्गॉइन येतोय हे माहीत असताना त्याने पाठ फिरवली. इथे धुकं नव्हतं. सांडवा वाहतोय हे सांगणारा फोन आलेला होता.

त्या हिवाळ्यात वॉशिंग्टनचं सैन्य फिलाडेल्फियापासून तीस-एक किलोमीटरवर, व्हॅली फोर्जला, थंडीत आणि रोगराईत खंगत होतं. हाऊने हल्ला केला नाही. राजीनामा तर त्याने ऑक्टोबरमध्येच पाठवला होता. मे १७७८ मध्ये त्याच्या अधिकाऱ्यांनी त्याला निरोप देण्यासाठी मोठा थाटाचा समारंभ केला आणि तो मायदेशी गेला. महिनाभरात ब्रिटिशांनी फिलाडेल्फियाही सोडलं.

चौकशी लंडनमध्ये आणि इकडे वडगाव

लंडनमध्ये टीका सुरू झाली तेव्हा हाऊ बंधूंनी स्वतःच चौकशीची मागणी केली. १७७९ मध्ये पार्लमेंटात ती झाली. साक्षी झाल्या, कागद वाचले गेले. जोसेफ गॅलोवेसारख्या राजनिष्ठ अमेरिकनाने हाऊविरुद्ध साक्ष दिली. आणि निकाल? काहीच लागला नाही. चौकशी तशीच मिटली. हाऊने १७८० मध्ये आपली बाजू छापून प्रसिद्ध केली, पुढे त्याला मानाची पदंही मिळाली आणि १८१४ मध्ये तो वारला.

आपल्या मुलखातली एक आठवण इथे सांगायलाच हवी. त्याच १७७९ सालच्या जानेवारीत मुंबईहून पुण्यावर चालून आलेल्या कंपनीच्या फौजेला मराठ्यांनी मावळात वडगावला कोंडलं आणि तह करायला लावला. फ्रान्सशी पेटलेल्या युद्धाची सावली इकडेही होती, कारण पुणे दरबारी आलेल्या फ्रेंच वकिलामुळे इंग्रज अस्वस्थ होते. वडगावनंतर कर्नल एगर्टन, कॉकबर्न आणि कारनॅक यांना कंपनीने नोकरीतून काढून टाकलं. इकडे तिघांची नोकरी गेली, तिकडे हाऊची चौकशी निकालाशिवाय मिटली. हरल्यावर कुणाला दोष मिळतो आणि कुणाला मिळत नाही, हे बऱ्याचदा पाठीशी कोण आहे त्यावरही ठरतं.

मग गुण किती?

पुढच्या शनिवारी मी ती उत्तरपत्रिका परत मागितली आणि तीनचे सात केले. ती म्हणाली, "मॅडम, मग उरलेले तीन का नाही?"

"ब्रुकलिनबद्दल तू बरोबर लिहिलंस. पण १७७७ बद्दल एक ओळही नाही. न कळलेल्या गोष्टीसाठी त्याला माफ केलंस, ठीक. पण कळलेली गोष्ट त्याने बाजूला ठेवली, त्याचा हिशेब कोण मांडणार?"

तिला पटलं. मग ज्यांना मी आठ-नऊ गुण दिले होते, त्यांच्यासमोर कबूल केलं की नोट्समधलं ते वाक्य मीही कुठूनतरी उतरवून घेतलं होतं, कधी तपासलं नव्हतं. आणि त्याच ओघात पोलीस पाटलांच्या फोनची गोष्टही सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वर्ग एकदम शांत झाला. त्या रात्री शाळेत अडकलेल्यांपैकी एक मुलगा आता दहावीत आहे, तो मागच्या बाकावर बसला होता. म्हणाला, "मॅडम, तुम्हाला पण सात देऊ का?" सगळे हसले. मी म्हटलं, "पाच दे. खिचडीचे दोन धरून."

मित्रांनो, परीक्षेत 'मूल्यमापन करा' असा प्रश्न आला की घाईने शूर किंवा नालायक असं लिहू नका. स्वतःला तीन प्रश्न विचारा. त्या दिवशी त्या माणसाला काय माहीत होतं? काय माहीत असूनही त्याने बाजूला ठेवलं? आणि त्याचे हात कुणी बांधले होते? या तिन्हींची उत्तरं पुराव्यासकट लिहा आणि मग तुमचं मत द्या. माझ्यापेक्षा वेगळं असलं तरी चालेल, गुण कापणार नाही.

हाऊला दहापैकी किती द्याल? वहीत लिहा, कारणांसकट. मी चार दिले आहेत.